फायटरच्या फायटिंग स्टाइल: पाचव्या लेव्हलपर्यंतची नोंद

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत फायटरची, म्हणजे शस्त्रधारी लढवय्याची, कोणती फायटिंग स्टाइल (लढण्याची निवडलेली खास पद्धत) सरस, हा वाद पाहता पाहता शस्त्रांचा वाद होऊन बसतो. ग्रेटस्वॉर्ड हे दणकट शस्त्र आहे, म्हणून ग्रेट वेपन फायटिंग ही स्टाइलही दणकट असणार, असे धरूनच बहुतेक जण बोलतात. सध्या मी एकाच फायटरची वेगवेगळी रूपे तयार करून, शस्त्रामुळे मिळणारे डॅमेज किती आणि निव्वळ स्टाइलमुळे पडणारी भर किती, हे वेगळे काढत आहे. पाचव्या लेव्हलचे गणित पूर्ण झाले असून त्याचीच ही नोंद आहे.

मांडणी अशी आहे. मुख्य क्षमतेचा मॉडिफायर +४ आणि प्रोफिशियन्सी बोनस +३, म्हणजे हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर +७; प्रत्येक फेरीत दोन हल्ले; अंगात प्लेट आर्मर, म्हणजे आर्मर क्लास (हल्ला लागण्यासाठी फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १८. समोर ऑगर हा राक्षस: आर्मर क्लास ११, फेरीला एक हल्ला, त्यावर +६ आणि लागला तर सरासरी १३ डॅमेज. इतर फीट, अ‍ॅक्शन सर्ज आणि क्रिटिकल हिट हे जादा परिणाम हिशेबाबाहेर ठेवले आहेत. वेगळे सांगितले नसेल तेथे नियम २०२४ च्या सुधारणेतले आहेत.

ग्रेटस्वॉर्डपासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तेथेच सर्वांत जास्त आहे. २०१४ च्या नियमांत ग्रेट वेपन फायटिंगमुळे डॅमेजच्या फाशावर १ किंवा २ पडल्यास तो फासा एकदा पुन्हा टाकता येत असे, आणि त्यामुळे ग्रेटस्वॉर्डच्या दोन फाशांची सरासरी ७ वरून ८.३३ होत असे. २०२४ मध्ये १ किंवा २ पडल्यास सरळ ३ धरायचे असते आणि सरासरी ८ वर थांबते. ग्रेटअ‍ॅक्सची अवस्था तर केविलवाणी आहे: पूर्वी तिला ०.८३ मिळत होते, आता पाव पॉइंट मिळतो. ऑगरला हल्ला लागण्याची शक्यता ८५ टक्के असल्यामुळे ग्रेटस्वॉर्डवाल्या फायटरचे एका फेरीचे डॅमेज २०.४ येते, आणि त्यात स्टाइलचा वाटा फक्त १.७ आहे. उरलेले सगळे काम तलवारीचे आहे.

त्याच फायटरने डिफेन्स ही स्टाइल घेतली, तर आर्मर क्लास १९ होतो आणि ऑगरचा हल्ला लागण्याची शक्यता ४५ वरून ४० टक्क्यांवर येते. म्हणजे प्रत्येक ऑगरमागे फेरीला ०.६५ डॅमेज वाचते. एकच ऑगर अंगावर असेल तर हे नगण्य आहे. तीन असतील तर १.९५ वाचतात आणि ग्रेट वेपन फायटिंगची भर मागे पडते. शत्रूचा आर्मर क्लास १५ असेल, तर ती भर १.३ वरच येते आणि डिफेन्सचे पारडे आणखी लवकर झुकते. आर्मर क्लास जितका वरचा, तितका त्यात मिळवलेला पुढचा एक पॉइंट अधिक मोलाचा ठरतो, कारण लागणाऱ्या थोड्या हल्ल्यांतला तो मोठा हिस्सा कापतो. दोन हातांची तलवार घेऊन सर्वांच्या पुढे उभ्या राहणाऱ्या फायटरला मी आता बिनदिक्कत डिफेन्स सुचवीन.

ड्युएलिंग या एकहाती शस्त्राच्या स्टाइलचा हिशेब सर्वांत रंगतदार निघाला. एका हातात लाँगस्वॉर्ड, दुसऱ्यात ढाल, प्रत्येक लागलेल्या हल्ल्यावर डॅमेजमध्ये +२: फेरीचे डॅमेज १७.८५, म्हणजे ग्रेटस्वॉर्डपेक्षा २.५५ कमी. मात्र ढालीमुळे आर्मर क्लास २० होतो आणि प्रत्येक ऑगरमागे १.३ डॅमेज वाचते, म्हणजे दोन ऑगर अंगावर आले की बरोबरी होते. मेलेला ऑगर हल्ला करत नाही, हा ग्रेटस्वॉर्डच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि ग्रेझ या ग्रेटस्वॉर्डच्या वेपन मास्टरीमुळे (शस्त्रागणिक मिळणाऱ्या खास गुणामुळे) चुकलेल्या हल्ल्यावरही ४ डॅमेज होते, हेही खरे. परंतु लाँगस्वॉर्डची सॅप मास्टरी जमेस धरल्यावर चित्र पालटते. ज्या ऑगरला तलवार लागली, त्याच्या पुढच्या हल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज येते. म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरावा लागतो, आणि ३५ टक्क्यांची शक्यता जेमतेम १२ टक्क्यांवर उतरते आणि त्याच्याकडून अपेक्षित डॅमेज ४.५५ वरून १.६ च्या आसपास येते. दोन हल्ले दोन वेगवेगळ्या ऑगरांवर करावेत, हे त्यामुळे ओघानेच आले, कारण एकाच ऑगरला दोनदा सॅप करून काहीच जास्त मिळत नाही. अडचण एकच: खेळ चालवणारा डंजन मास्टर हुशार असेल तर असे ऑगर ढालवाल्याचा नाद सोडून मागच्या विझार्डकडे (जादूगार सोबत्याकडे) वळतात. तेव्हा सोबत्यावरच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज देणारी प्रोटेक्शन ही स्टाइल आठवते, पण ती रिअ‍ॅक्शन (फेरीला एकदाच करता येणारी प्रतिक्रिया) खाते आणि विझार्ड पाच फुटांच्या आत असावा लागतो. बहुतेक विझार्ड तेथे थांबत नाहीत.

टू-वेपन फायटिंग, म्हणजे दोन्ही हातांत शस्त्र घेण्याच्या स्टाइलबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. केवळ स्टाइलची भर मोजली, तर ती येथे ड्युएलिंगच्या बरोबरीने सर्वांत मोठी आहे: दुसऱ्या हातातल्या शस्त्राच्या तिसऱ्या हल्ल्याच्या डॅमेजमध्ये मॉडिफायर मिळाल्याने फेरीला ३.४. एकूण डॅमेज १९.१ येते, म्हणजे ग्रेटस्वॉर्डच्या थोडेसेच खाली. २०१४ मध्ये हा तिसरा हल्ला फेरीला एकदाच मिळणारी बोनस अ‍ॅक्शन घेत असे आणि तीच खाणारी सेकंड विंड (जखमा भरण्याची क्षमता) वापरायची वेळ आली की फायटरची ओढाताण होत असे. आता सिमिटरच्या निक मास्टरीमुळे तो अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमध्येच बसतो. दुसऱ्या हातात शॉर्टस्वॉर्ड असेल, तर व्हेक्समुळे पुढच्या हल्ल्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळते (दोन फाशांतला मोठा आकडा धरता येतो), जे वरच्या आकड्यात धरलेले नाही.

आर्चरी या धनुष्याच्या स्टाइलला स्थैर्याचे गुण द्यावे लागतात. लाँगबो, फेरीला दोन बाण आणि हल्ल्यावर +२: ऑगरसमोर भर १.७, आर्मर क्लास १५ समोर १.७ आणि १९ समोरही १.७. ग्रेट वेपन फायटिंगची भर मात्र १९ समोर ०.९ इतकी घसरते. शिवाय मध्ये उभ्या असलेल्या सोबत्यामुळे शत्रूला मिळणारे अर्धे कव्हर (त्याच्या आर्मर क्लासमध्ये +२) या +२ ने नेमके फिटते.

२०२४ च्या नियमांत फायटरची प्रत्येक नवी लेव्हल मिळताना स्टाइल बदलता येते, त्यामुळे हे आकडे एकदाच पाहून विसरण्यासारखे नाहीत. अकराव्या लेव्हलला तिसरा हल्ला मिळाल्यावर ड्युएलिंगची भर दीडपट होते, तर टू-वेपन फायटिंगची भर त्या एकाच जादा हल्ल्याला चिकटून राहते. पुढची नोंद त्याच लेव्हलची असेल, आणि तिच्यात ऑगरच्या जागी फेरीला अनेक हल्ले करणारा शत्रू घेणार आहे, कारण सॅप एकाच हल्ल्यावर चालते आणि डिफेन्स सगळ्यांवर.