हिरव्या काचेचा तास

१९८६ साल, नववीचा वर्ग, शेवटचा तास इंग्रजीचा. सरांनी खिशातून हिरव्या बाटलीच्या काचेचा तुकडा काढला. कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. "यातून एकमेकांकडे बघा," म्हणाले. तुकडा बाकाबाकावरून फिरला. शेजारच्या मित्राचा चेहरा मला विहिरीच्या तळाशी असल्यासारखा दिसला. तोवर सरांनी फळ्यावर पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची कविता लिहून काढली होती. ती अभ्यासक्रमात नव्हती.

कवितेत विषारी वायू येतो, जो तो घाईघाईने मुखवटा चढवतो, एकाला तो वेळेत चढवता येत नाही. मुखवट्याच्या काचेतून तो हिरव्या समुद्रात बुडताना दिसतो. देशासाठी मरणं गोड असतं, हे रोमन कवी होरेसचं वचन ओवेन शेवटी सरळ जुनं खोटं ठरवतो. "हे घरात बसून सुचत नाही रे," सर म्हणाले.

खरंच सुचलं नसतं. आधी तो कीट्सच्या वळणाच्या कविता लिहायचा. जानेवारी १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर पोचला आणि पाणी भरलेल्या भुयारात माणसांसह पन्नास तास अडकला. ते त्यानं आईला पत्रात कळवलं. पुढे तोफगोळ्यांच्या धक्क्यानं मन ढासळलं. एडिनबराच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात कवी सिगफ्रीड ससून भेटला, आणि ऑक्टोबरमध्ये तिथेच ही कविता उतरली. बरा होऊन तो पुन्हा आघाडीवर गेला. ४ नोव्हेंबर १९१८ ला लढाईत मारला गेला, वय २५. तार घरी पोचली ११ तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना. निघताना त्यानं 'गीतांजली'तल्या ओळी म्हटल्या होत्या, असं त्याच्या आईनं पुढे रवींद्रनाथांना कळवलं. हे मी फार उशिरा वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

तास संपताना सर म्हणाले, "घरी जाताना चावडीवरचा दगड वाचा." सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत असे दगड आहेत. १९१४ च्या लढाईत गावातून किती गेले, किती मेले, एवढंच त्यावर. रोज त्याला टेकून गोट्या खेळलो होतो, वाचला त्या दिवशी.

माझे पणजोबा त्याच लढाईत मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, परत आलेल्यांपैकी. आजी सांगायची, पावसाळ्यात चिखलात पाय रुतला की ते दिवसभर कुणाशी बोलत नसत. कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही. लिहिता येत नव्हतं. पेन्शनच्या कागदावर त्यांचा अंगठा आहे.