तुम्ही विचारलंत म्हणून : ‘फन होम’ बसवायचं तर सुरुवात कुठून करावी?

‘फन होम’ ही अमेरिकन संगीतिका करायचं मनात आलेले गट बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : दहा-अकरा वर्षांची, गळा तयार असलेली, धीट मुलगी मिळाली की नाटक जमेल ना? असं वाटणं स्वाभाविक आहे. ‘रिंग ऑफ कीज’ हे गाणं बहुतेकांनी आधी ऐकलेलं असतं आणि ते लहान ॲलिसनच्या तोंडी आहे. (नायिका ॲलिसन नाटकात तीन वयांत दिसते.) पण मुलगी कितीही गुणी असली तरी हे नाटक तिच्या जोरावर चालत नाही. त्याचा सगळा भार त्रेचाळीस वर्षांच्या ॲलिसनवर आहे. तालमी तिच्यापासून सुरू करा, आणि तिच्याही ‘टेलिफोन वायर’ या गाण्यापासून.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांनी २००६ साली चित्रकथेच्या रूपात आत्मकथन लिहिलं. लिसा क्रॉन यांनी त्याची संहिता आणि गीतं केली, संगीत जनीन टेसोरी यांचं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये आणि २०१५ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, ते आलं, दिग्दर्शक सॅम गोल्ड. सर्वोत्तम संगीतिकेसह पाच टोनी, म्हणजे ब्रॉडवेची मानाची पारितोषिकं, मिळाली. गीत-संगीताचं टोनी केवळ स्त्रियांच्या चमूला मिळण्याची ती पहिलीच वेळ. कथा पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावातली. वडील ब्रूस इंग्रजीचे शिक्षक, शिवाय घराण्याचा अंत्यविधीचा व्यवसाय सांभाळणारे. त्या फ्युनरल होमलाच घरातली मुलं ‘फन होम’ म्हणतात. जुनं घर हौसेनं सजवणारा हा माणूस पुरुषांविषयीची आपली ओढ आयुष्यभर लपवत राहतो. मुलगी कॉलेजातून पत्र लिहून आपण लेस्बियन असल्याचं कळवते आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो ट्रकखाली येऊन मरतो. तो अपघात नव्हता, अशी ॲलिसनची खात्री आहे.

हे सगळं नाटकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलेलं आहे. पुढे काय होणार ही उत्सुकताच शिल्लक ठेवलेली नाही. मग पावणेदोन तासांच्या आसपास चालणारा, मध्यंतर नसलेला प्रयोग प्रेक्षकाला कशानं धरून ठेवतो? रंगमंचावर एक बाई वडिलांचं चित्र काढायला बसली आहे आणि ते तिला जमत नाहीये, यानं. साधारण नऊ-दहा वर्षांची ॲलिसन, एकोणीस वर्षांची कॉलेजातली ॲलिसन, या दोघी तिच्या आठवणी आहेत. त्यांना आपल्याला कोणी पाहतंय हे ठाऊक नाही. तिला मात्र त्यांचं पुढचं सगळं ठाऊक आहे.

गडबड होते ती इथे. मोठ्या ॲलिसनला सूत्रधार समजलं जातं. नटी कडेला उभी राहते, प्रेक्षकांकडे तोंड करून छान स्वच्छ आवाजात निवेदन करते, मधले प्रवेश कौतुकानं पाहते. अर्ध्या तासात प्रेक्षक तिच्याकडे बघेनासे होतात आणि उरतं ते एका दुःखी कुटुंबाचं प्रवेशांत तुकडे पाडलेलं नाटक. खरं तर मोठी ॲलिसन सांगत नाही, शोधते आहे. ती पुन्हा पुन्हा ‘कॅप्शन’ (चित्राला जोडायची ओळ) म्हणून एखादं वाक्य जुळवते आणि बऱ्याचदा ते पुरं पडत नाही. प्रत्येक कॅप्शन म्हणजे एक प्रयत्न. ती पाठ केलेल्या वाक्यासारखी आली की संपलं.

यावर एक उपाय नक्की उपयोगी पडतो. वाचनाच्या टप्प्यावरच तिच्या संहितेत प्रत्येक प्रवेशाच्या वर एक ओळ लिहायला सांगा : या आठवणीतून मला काय पडताळून पाहायचं आहे? ‘बाबा त्या दिवशी खरंच खूश होते का?’ ‘आईला तेव्हा माहीत होतं का?’ मग तिच्या हालचाली या ओळींवरून बसवा. उत्तर जवळ आलं असं वाटलं तर ती आठवणीच्या जवळ जाईल, नकोसं झालं तर टेबलाकडे परत. दिग्दर्शकानं नंतर वरून चढवलेल्या हालचालींपेक्षा हे फार वेगळं दिसतं.

आता ते गाडीतलं गाणं, ‘टेलिफोन वायर’. कॉलेजातली ॲलिसन मैत्रीण जोनला घेऊन घरी आली आहे आणि वडील मुलीला गाडीतून फेरफटका मारायला नेतात. इथे एकोणीस वर्षांच्या ॲलिसनच्या जागी मोठी ॲलिसन स्वतः गाडीत बसते. इतका वेळ बाहेरून पाहणारी आता आत आली. वडिलांशी मनमोकळं बोलण्याची ही शेवटची संधी, हे तिला माहीत आहे, त्यांना नाही. रस्ता सरतोय, ती स्वतःला बजावतेय की आता बोल, पुढच्या सिग्नलला तरी बोल. आणि बोलणं राहून जातं.

दोन खुर्च्या पुरतात. स्टिअरिंगचा मूकाभिनय, खड्ड्यांचे धक्के काही नको. दोघांच्याही नजरा समोर. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं की ताण जातो. गाण्याआधी कागदावर रस्ता आखून घ्या, कुठे काय लागतं ते ठरवा आणि दर टप्प्यावर न बोललं गेलेलं एक वाक्य लिहा. नटीला किती रस्ता उरला आहे हे प्रत्येक क्षणी ठाऊक असायला हवं. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पहिल्या कडव्यातच डोळे भरून येणं. रडू आलं की आशा संपते, आणि या गाण्यात आशा शेवटच्या सिग्नलपर्यंत टिकायला हवी. हे गाणं आधी बसलं की बाकी सगळे प्रवेश कुठे चालले आहेत हे सगळ्या गटाला कळतं. शेवटी तिन्ही ॲलिसन एकत्र गातात, त्याची ताकदही या प्रवेशातूनच येते.

गाण्यांबद्दल मराठी गटांना एक खास अडचण येते. आपल्या कानाला नाट्यपदाची सवय आहे : प्रसंग थांबतो, पद फुलतं, जागा घेतल्या जातात. इथे उलट. ‘रिंग ऑफ कीज’मध्ये मुलीला एका खानावळीत सामान पोचवणारी बाई दिसते. आखूड केस, जाड कापडाची पँट, लेसचे बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मुलीला काहीतरी ओळखीचं वाटतं आणि शब्द सापडत नाहीत, म्हणून वाक्यं अर्धवट तुटतात. ते तुटणं स्वररचनेतच आहे. मुलीला ते सुरेल जोडायला शिकवू नका, आणि थांब्यांत हावभाव भरू नका. ती बाई रंगमंचावर आणायचा मोह टाळा. प्रेक्षागृहात एक बिंदू ठरवा, तोही मुलीच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडा वर.

‘चेंजिंग माय मेजर’ मात्र आनंदाचं गाणं आहे, पहिल्या प्रेमाच्या रात्रीनंतरचं. ते विनोदी करायला घेतलं की त्यातली लाज आणि चकित होणं दोन्ही जातं. हेलन, म्हणजे आई, तिला ‘डेज अँड डेज’ बऱ्याच उशिरा मिळतं. तोवर तिचं काम पियानो, घर आणि गप्प राहणं. तो गप्पपणा आधी तालमीत बांधा.

ब्रूसविषयी मी ठाम आहे. काळानं कोंडलेला बिचारा, असा तो रंगवू नये. तो अल्पवयीन मुलाला बिअर देतो, आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलग्यांकडे वासनेनं पाहतो, बायकोला तोडून बोलतो. त्याच वेळी मुलीला जगातल्या सुंदर वस्तू पाहायला तोच शिकवतो. पहिल्याच प्रवेशात खोक्यातून निघालेलं लिनन तो ज्या मायेनं हाताळतो, ती माया खरी असू दे, म्हणजे बाकीचं जास्त लागेल. ब्रूस ज्यांच्याकडे ओढला जातो ते रॉय आणि इतर तरुण एकाच नटानं करायचे आहेत, तेही याच कारणानं : ब्रूसला माणूस दिसत नाही, ओढ दिसते. लहान मुलांना या प्रवेशांच्या तालमींना बसवू नका. त्यांच्या तालमी वेगळ्या ठेवता येतात, आणि पालकांना संपूर्ण संहिता आधीच वाचायला द्या. शवपेटीवरच्या ‘कम टू द फन होम’ या गाण्यासाठी पेटी मुलांचं वजन आणि उड्या सोसेल अशी भक्कम हवी. झाकणाची कड मऊ करा, बोटं तिथेच सापडतात.

ब्रॉडवेवर सर्कल इन द स्क्वेअर या थिएटरमध्ये प्रेक्षक चहूबाजूंनी होते आणि घराचं सामान जमिनीतून वर येई. आपल्याकडे असली यंत्रणा लागत नाही. मोजकंच सामान, पण प्रत्येक वस्तू ब्रूसनं निवडलेली वाटेल अशी, आणि आठवण सरते तसं एकेक बाहेर काढायचं. नट नऊ, वादक सात. अर्ध्या बोलण्यात, अर्ध्या गाण्यात जाणारे शब्द टांगत्या माइकवर पकडले जात नाहीत. अंगावरच्या माइकांचा खर्च आधीच धरा किंवा मुंबईच्या पृथ्वी थिएटरसारखी, प्रेक्षक नटांच्या जवळ बसतात अशी छोटी जागा घ्या.

मराठी प्रेक्षकाला विषय जड जाईल का, हेही लोक विचारतात. मित्रा या समलिंगी नायिकेवरचं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ चार दशकांपूर्वी रंगमंचावर येऊन गेलं आहे. तिथे मित्रा जगत नाही. इथे मुलगी जगते, स्वतःचं नाव घेऊन जगते आणि बापाची गोष्ट सांगते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

नाटकाचे हक्क कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स या परवाने देणाऱ्या कंपनीकडे आहेत. प्रयोगाची परवानगी आणि भाषांतराची परवानगी वेगवेगळी मागावी लागते. एखादं गाणं गाळणं, कोणाच्या गळ्यासाठी पट्टी बदलणं, हेही विचारल्याशिवाय करता येत नाही. भाषांतर करायचं असेल तर परवानगी हातात येईपर्यंत तालमीची तारीख ठरवू नका. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. त्यासाठी अंतिम मराठी संहिता, गाण्यांच्या शब्दांसह, तयार असायला हवी, म्हणून गीतांचं भाषांतर मागे ठेवून चालत नाही. आणि ते भाषांतर पियानोजवळ बसूनच करावं, कारण कुठला शब्द अर्धा तुटायचा हे सूरच ठरवतात.