दहाव्या भागातले सोंडे

परवा आसोद्याच्या मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी पऱ्हाटीच्या जाळावर टाकलेली, कळण्याच्या पुऱ्यांना अजून अवकाश होता. तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, दहावा भाग एवढा काही वाईट नाहीये हां."

झालं. वांगी राहिली बाजूला.

रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' ही चौदा भागांची कादंबरीमालिका. पहिला भाग १९९० चा, शेवटचा २०१३ चा. मध्येच २००७ साली जॉर्डन गेले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने पुरे केले. दहावा, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', आला जानेवारी २००३ मध्ये. माझं त्याच्याशी तेव्हापासून वैर आहे. नवव्याच्या शेवटी नायक रँड पुरुषांच्या जादूला लागलेलं विष धुऊन काढतो. ते वाचून मी दोन वर्षं ताटकळलो, पुण्याच्या मित्राकडून दहावा मागवला, भुसावळ-जळगाव पॅसेंजरमध्ये उभ्याने वाचायला घेतला. आणि निघालं काय? तोच दिवस, पण दुसऱ्या गावांतून. जो तो आपल्या जागी उभा राहून बघतोय, तिकडे एवढं मोठं काय चाललंय बुवा! मग चहा, कपडे, पुन्हा चहा. खुद्द रँड औषधापुरता.

भाचीने चौदाच्या चौदा लॉकडाऊनमध्ये फोनवर वाचले. नववा रात्री संपला, दहावा सकाळी सुरू. चार दिवसांनी अकरावा हातात. तिला कुठे थांबावंच लागलं नाही, मग राग कसला येणार? तिला रँडच्या मित्राचा, पेरिनचा प्रसंग आवडतो. पळवून नेलेल्या बायकोचा पत्ता काढायला तो एका कैद्याचा हात तोडतो आणि मग ती कुऱ्हाड तिथेच टाकून निघून जातो. तो प्रसंग चांगला आहे, मी कधी नाही म्हटलं? पण एका प्रसंगासाठी एवढं जाडजूड पुस्तक?

इतका वेळ वांगी परतणारा आमचा मित्र मध्येच बोलला. त्याची धान्याची अडत आहे. दहावा माझ्याकडूनच नेलेला, परत दिलेला नाही.

"मले तर ते सोंड्यांचं प्रकरण आवडलं भो."

पेरिन फौजेसाठी धान्य घ्यायला सो हाबोर नावाच्या गावात जातो, ते. गावातली माणसं मळकट, भुतांना घाबरलेली, अंघोळीचा पत्ता नाही. पोती उघडतात तर आत सोंडेच सोंडे. मग भर थंडीत सगळं धान्य उफणायला घेतात. मी ती पानं २००३ मध्ये भराभर उलटली होती. ह्याने दोनदा वाचली. म्हणे, व्यापारी नजर देत नव्हता तेव्हाच मी ओळखलं, माल किडका आहे. पोतं नंतर उघडलं.

"म्हणजे तू माझ्या बाजूने," भाची खूश.

"थांब ना. उफणून सोंडे जातात, अंडी दाण्याच्या आत असतात. महिन्याभरात पुन्हा तेच. तेवढा माल त्याने घ्यायलाच नको होता."

आणि तो पुन्हा वांग्यांकडे वळला. एका बाजूची दोन पार कोळसा झाली होती.