पाठीवरचं दप्तर

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाच्या गावात इमर्जन्सीत नर्स आहे. शुक्रवार-शनिवारच्या नाइटला प्यायलेली मुलं येतातच. साखर तपासायची, कुशीवर वळवायचं, गरम पांघरूण घालायचं, श्वास मोजत राहायचं. सलाइनने नशा उतरत नाही, कॉफीनेही नाही. उलट, पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच असते. म्हणून ‘झोपलाय, झोपू दे’ हे मला ऐकवत नाही.

त्या रात्री पावणेतीनला फ्रॅटर्निटीतल्या, म्हणजे एका ‘हाउस’मध्ये एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेतल्या, दोघांनी तिसऱ्याला उचलून आणलं. जेमतेम 19 वर्षांचा. छातीच्या हाडावर मुठीने रगडलं तरी डोळे उघडेना. मिनिटाला 7 श्वास, ओठ निळसर. आणि पाठीवर पुस्तकांनी गच्च भरलेलं दप्तर, छातीवरचा पट्टा आवळलेला. झोपेत उताणा होऊन उलटी घशात जाऊ नये म्हणून! बकल ओकारीने बरबटलेलं, निघेचना. शेवटी पट्टा कात्रीने कापला, मग डॉक्टरांनी श्वासनळीत नळी घातली.

फेब्रुवारी 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या टिमथी पियाझा या विद्यार्थ्यालाही त्याच्या फ्रॅटर्निटीत असंच दप्तर बांधलं होतं. तो गेला. त्याच्या नावाचा रॅगिंगविरोधी कायदा 2018 मध्ये इथे झाला. पुढच्याच वर्षीपासून फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेने 15 टक्क्यांहून कडक दारू हाउसमध्ये बंद केली. परवानाधारक विक्रेत्याने वाढली तरच चालते. नियम योग्यच आहे. पण या मुलांच्या हाउसमध्ये खाली बिअर होती आणि व्होडका वर, कडी लावलेल्या खोलीत. शुद्धीवर असलेलं कुणी तिथे फिरकलंच नाही.

“कधीपासून असा आहे?”

“अकरापासून.”

“मग 911 ला फोन का नाही केला?”

“हाउस बंद होईल, मॅम.”

माझा आवाज चढला. अरे, पहिला फोन करणाऱ्याला, नाव सांगून शेजारी थांबणाऱ्याला कायदा संरक्षण देतो! तो म्हणाला, “मला देतो. हाउसला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विद्यापीठाची कारवाई वेगळी चालते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी पोटातला राग जात नाही. दप्तर बांधलं म्हणजे जिवाला धोका आहे हे त्यांना कळलं होतं. कळूनही पावणेचार तास गेले.

मुलगा वाचला. दुपारी नळी काढली तेव्हा त्याची आई पोचली होती. कपड्यांच्या पिशवीबरोबर दप्तर तिच्या हातात दिलं गेलं. “पट्टा कुणी कापला?” तिने विचारलं. वॉर्डातल्या नर्सने मला फोन लावून दिला. मी सगळं सांगितलं, अकरा वाजल्यापासूनचं.