बसूनचा स्वर चेलोच्या दुसऱ्या तारेवर

जर्मन संगीतकार मेंडेल्सोनच्या ई मायनर व्हायोलिन कन्सर्टोचे, म्हणजे एकल व्हायोलिन आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचे, एकल व्हायोलिन आणि तंतुवाद्यवृंद यांच्यासाठी रूपांतर करायला मी घेतले ते गरजेपोटी. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या गटात परभणी, लातूर, नांदेडहून व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो वाजवणारे येतात. ओबो किंवा बसून (खालच्या स्वरांचे लाकडी फुंकवाद्य) ही फुंकवाद्ये वाजवणारे मात्र आम्हाला कधी मिळाले नाहीत. १८४४ मध्ये पूर्ण झालेल्या आणि १८४५ मध्ये लाइपझिग येथे फर्डिनांड डाविड यांनी प्रथम वाजवलेल्या या रचनेत मात्र तंतुवाद्यांखेरीज फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न आणि ट्रम्पेट यांच्या जोड्या आणि टिंपनी आहे. या वाद्यांचे स्वर व्हायोलांकडे किंवा दुसऱ्या व्हायोलिनांकडे सोपवणे हे कारकुनी काम झाले. त्या जागी मुळात वेगळा आवाज का ठेवला होता, हे ओळखण्यातच रूपांतरकाराचा कस लागतो.

एप्रिलमधल्या पहिल्या तालमीत हे फार जवळून ऐकायला मिळाले. कोरड्या हवेने खुंट्या सैल पडत होत्या आणि बारीक स्वर ऐकू यावेत म्हणून पंखे बंद ठेवावे लागले होते. पहिल्या भागातील दुसऱ्या चालीपाशी एकल व्हायोलिन खाली उतरून सर्वांत जाड तार मोकळी धरून ठेवते आणि तिच्यावर क्लॅरिनेट व फ्लूट हळुवारपणे गातात. प्रमुख वादकाने तानपुऱ्याचा खर्ज व्हावे, अशी ती विलक्षण जागा आहे. तेथे सगळा वृंद वाजला तर खालचा आणि वरचा आवाज एकमेकांत मिसळून जातो. म्हणून मी ती चाल म्यूट (तंतुवाद्याचा आवाज दबवणारा चाप) लावलेल्या मोजक्या वादकांना, एका स्वरओळीला एकच वादक या हिशेबाने दिली आणि बाकीच्यांना थांबवले. आमच्या परभणीच्या एकल वादिकेला आपला खर्ज तेव्हा प्रथमच स्वतंत्र ऐकू आला.

खरी कसोटी पहिल्या भागाच्या शेवटी होती. सगळा वृंद जोरात थांबतो आणि त्या गजरातून बसूनचा ‘बी’ हा एकच स्वर मागे उरतो; तो अर्ध्या स्वराने चढून सी होतो आणि त्यातून सी मेजरमधला संथ दुसरा भाग उमलतो. हा बी नव्याने सुरू झाल्यासारखा वाटता कामा नये, तो आधीपासून त्या गजरात होताच असे वाटले पाहिजे. व्हायोलांवर तो आजूबाजूच्या आवाजापासून वेगळा निघेना. चेलोच्या पहिल्या तारेवर तो इतका भरदार लागला की आता चेलोचे एकल वादन सुरू होणार, असेच कोणालाही वाटावे.

नांदेडहून येणारे आमचे चेलोवादक काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘सर, पहिली तार सोडू या. हाच बी मी दुसऱ्या तारेवर, वर जाऊन धरतो. कसा लागतो ते बघा.’’

त्यांनी डावा हात तारेवर वर सरकवला, बो (गज) बोटे ठेवायच्या पट्टीच्या बाजूला नेला आणि बोटाने जराही कंप न देता स्वर धरला. स्वर तोच होता. पण आता तो किंचित झाकलेला, नाकातून आल्यासारखा, बसूनच्या बराच जवळ जाणारा होता. शेजारच्या वादकाने तोच स्वर तसाच धरून बो वेगळ्या वेळी फिरवला, त्यामुळे कोठेही खंड पडला नाही. सी तर त्याच तारेवर लगेच पुढच्या बोटाखाली होता. मी पुन्हा शेवटच्या गजरापासून वाजवायला सांगितले आणि या दोघांना त्या गजरात फक्त बी दिला. बाकीचे थांबले तेव्हा तो स्वर उरला, जसा मेंडेल्सोनने उरवला होता तसाच.

कोणत्या तारेवर काय वाजवावे हे मी एरवी वादकांवर सोपवतो. येथे मात्र ‘दुसरी तार, कंपाशिवाय’ असे चेलोवादकांच्या स्वरलेखात स्वच्छ लिहिले, कारण या जागी तार बदलली की रूपांतराचा अर्थच बदलतो. तिसऱ्या भागाच्या तोंडी असलेली ट्रम्पेटची ललकारी व्हायोला आणि चेलो यांना दुहेरी तारांवर, बोच्या मुठीजवळून वाजवायला दिली आहे. ट्रम्पेटची धार त्यात येत नाही. लय मात्र नेमकी पोहोचते, आणि एकल व्हायोलिनला उडी घ्यायला तेथे सर्वांत आधी लयच लागते.