तुम्ही विचारलंत म्हणून: ॲप काढलं, आता आणखी काय करायचं?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी मोबाइल शिकवते. तिथे हा प्रश्न ठरलेला: "ॲप तर मी केव्हाच काढून टाकलं, आता आणखी काय करायचं?" त्याच्या मागोमाग दुसरा येतो, "मग ब्राउझर कोणता वापरू?" वर्गाच्या गडबडीत दोन्हींची उत्तरं अर्धवट दिली जातात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

फोनमधलं ॲप काढणं म्हणजे पासबुक फाडून टाकणं. बँकेतलं खातं त्याने बंद होत नाही. तुमचं नाव, नंबर, फोटो, पत्ता हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि खातं डिलीट करेपर्यंत तिथेच राहतं.

वर्गातल्या एका काकूंच्या मुलीचं लग्न होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्यांना स्थळांसाठी फोन यायचे. लग्न ठरल्यावर त्यांनी विवाहस्थळांचं ॲप लगेच काढलं होतं. आम्ही दोघींनी वेबसाइट उघडून लॉगिन केलं, तर प्रोफाइल जसंच्या तसं. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, रास, नाडी, गोत्र, ऑफिसचं नाव, पगार, आईवडिलांचे मोबाइल नंबर आणि पैठणीतले फोटो. सेटिंगमध्ये 'प्रोफाइल लपवा' हे बटण ठसठशीत होतं. 'डिलीट' मात्र त्याच्या खाली फिकट अक्षरांत. ते दाबलं तर आधी कारण विचारलं, मग "त्यापेक्षा काही महिने लपवून ठेवा" असं सुचवलं आणि शेवटी ओटीपी मागितला. तो जाणार होता काकांच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम कधीच बंद झालेलं.

इथे पुष्कळ लोक हात टेकतात. टेकू नका. २०२१च्या आयटी नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि निवारण ठरलेल्या मुदतीत करावं लागतं. काकूंनी नोंदवलेल्या ईमेलवरून चार ओळींचं पत्र पाठवलं आणि प्रोफाइल गेलं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क वेगळा दिला आहे, तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे.

त्या बंद सिमची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने सर्वोच्च न्यायालयातही हेच सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या जुन्या खात्यांचे ओटीपी उद्या अनोळखी माणसाच्या हातात. म्हणून सिम सोडायच्या आधी त्याला जोडलेली सगळी खाती एक तर नव्या नंबरवर न्या, नाहीतर डिलीट करा.

खाती आठवत नसतील तर मेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' हे शब्द शोधा, विसरलेली दुकानं भराभर वर येतील. 'गूगलने साइन इन' करून उघडलेल्यांची यादी गूगल खात्यातच मिळते. पण तिथे जोडणी तोडली म्हणजे त्या कंपनीकडचं खातं गेलं असं नाही, ते तिच्याकडेच जाऊन डिलीट करावं लागतं. त्यासाठी ॲप पुन्हा घ्यायची गरज नसते. प्ले स्टोअरच्या नियमाप्रमाणे ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, त्याने ते वेबवरून डिलीट करायचीही सोय द्यायला हवी.

फेसबुकवर 'डीॲक्टिव्हेट' आणि 'डिलीट' यांत गल्लत करू नका. पहिल्यात खातं नुसतं झाकलं जातं. दुसरं निवडल्यावर ३० दिवसांची मुदत मिळते, तेवढ्यात लॉगिन करून विनंती मागे घेता येते. त्यानंतर सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. नातवंडांचे फोटो आधी उतरवून घ्या, हे सांगायलाच हवं.

"आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" असंही विचारतात. त्या मुलीची जन्मवेळ आणि पगार यांत लपवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ते कुणाला दाखवायचं हे तिनेच ठरवायचं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच.

आता ब्राउझर. अँड्रॉइड फोनवर मी फायरफॉक्स घालून देते आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी. जाहिराती जातातच, पण त्यांच्या आडून या साइटवरून त्या साइटवर पाठलाग करणारे ट्रॅकरही बरेचसे अडतात. शिवाय फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकी, म्हणजे आपल्याला ओळखण्यासाठी साइट फोनमध्ये ठेवते त्या खुणा, वेगवेगळ्या ठेवतो. गूगलच्या क्रोमने असल्या पाठलागाच्या कुकी बंद करू असं २०२० साली जाहीर केलं आणि २०२४ साली तो बेत सोडला. क्रोममधल्या 'इन्कॉग्निटो' या खासगी म्हणवणाऱ्या खिडकीवर तर विसंबूच नका. त्यातल्या माहितीवरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगलच्याच सर्च करारातून येते हेही खरं. तरी आज माझं मत फायरफॉक्सलाच. आयफोनवाल्यांनी सफारीच ठेवला तरी चालेल.

मात्र फायरफॉक्समध्ये जीमेल उघडून लॉगिन केलंत, तर तिथे काय करता ते गूगलला कळणारच. ब्राउझरचा मला वाटणारा खरा फायदा निराळा आहे. बरीच कामं त्यात ॲपशिवाय, कित्येकदा खात्याशिवायही उरकतात. कुरिअर कुठवर आलं, डाळीचे भाव काय, बसचं वेळापत्रक, याला खातं कशाला? ॲप कॉन्टॅक्ट मागतं, लोकेशन मागतं, ब्राउझरमधल्या साइटच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाला खातं लागतं, तिथे उघडा.

पुढच्या वर्गाला येणाऱ्यांनी मेलचा पासवर्ड आणि ज्या नंबरांवर कधीकाळी खाती उघडली त्यांची चिठ्ठी घेऊन यावं. सिम बंद करायचं ठरवलं असेल तर ते आधी सांगा, मग त्याच खात्यांपासून सुरुवात करू.