सईला घेऊन तीर्थनला गरवायला

ट्राउट, म्हणजे थंड नद्यांतला एक मासा, गळानं गरवायच्या सहलीत सगळ्यात आधी तारखा ठरवाव्या लागतात, आणि शाळेत जाणारं मूल बरोबर असेल तर गाडी तिथंच अडते. हिमाचलातल्या ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीला बंद असतात, कारण ते दिवस माशांच्या विणीचे. आमचा बेत २०२४ चा, कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीचा. त्या वर्षी लक्ष्मीपूजनच १ नोव्हेंबरला होतं. म्हणजे शाळेला सुट्टी लागणार आणि नदीला कुलूप लागणार, दोन्ही एकदमच.

मे महिन्याचा विचार करून झाला. सुट्टी मोठी, पण तेव्हा वरचा बर्फ वितळत असतो, पाणी चढलेलं आणि गढूळ. माझ्या सहा वर्षांच्या पोरीला, सईला, चढत्या पाण्याच्या काठावर उभं करायची माझी तयारी नव्हती. पावसाळा तर बादच. त्याच जुलैच्या अखेरीस कुल्लू जिल्ह्यात ढगफुटी झाली होती. उरला ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला, पाणी उतरलेलं, तळाचे गोटे दिसतील इतकं स्वच्छ. पण ऑक्टोबरातही एक मेख आहे, ती म्हणजे कुल्लूचा दसरा. आपला दसरा संपतो तेव्हा तिथला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. खोऱ्याखोऱ्यातले देव पालख्यांतून रघुनाथजींच्या भेटीला येतात, त्यांच्याबरोबर गावंच्या गावं येतात. पाहण्यासारखा सोहळा आहे, पण लहान मुलाला घेऊन त्या गर्दीतून वाट काढत गरवायला जाण्यात अर्थ नाही. म्हणून दसरा संपल्यानंतरचे आणि नदी बंद व्हायच्या आतले मधले दिवस धरले. सहामाही परीक्षा झाली होती. बाईंना चिठ्ठी दिली, कारण लिहिलं ‘कौटुंबिक’.

नदी कोणती, यावर घरी बरीच चर्चा झाली. बायकोला मनाली हवं होतं. मी तीर्थनवर अडून बसलो, आणि मासे जास्त मिळतात एवढ्यासाठी नव्हे. ८ जून २०१४ ला मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या एका इंजिनियरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते. वरच्या लारजी धरणातून अचानक पाणी सोडलं गेलं होतं. ती बातमी माझ्या डोक्यातून कधीच गेली नाही. तीर्थन लारजीपाशी सैंज आणि बियास या नद्यांना मिळते, म्हणजे तिचं खोरं धरणाच्या वरच्या अंगाला येतं. शिवाय या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि तिथले गावकरी वर्षानुवर्षं लढले, आणि नदी मोकळी राहिली. त्यांनी ते नदीसाठी आणि माशांसाठी केलं असेल. मला बापाच्या नजरेतून त्यात एवढंच दिसत होतं, की वरच्या धरणातून अचानक सोडलेलं पाणी इथं येणार नाही.

उंचीचाही फायदा. तीर्थनकाठचं गुशैनी गाव दीड हजार मीटरच्या आसपास. मुलांना दम लागणं, डोकं दुखणं असलं काही होत नाही. जालोरी खिंड तीन हजार मीटरच्या वर आहे, तिकडे आम्ही फिरकलोच नाही.

प्रवासाचं ठरवताना मी सईच्या पोटाचा विचार आधी केला. दिल्लीहून रात्रीची व्होल्वो घेतली की पहाटे औटला उतरता येतं, सगळे तेच सुचवतात. घाटात उलट्या करणाऱ्या मुलांचे आईबाप ते सुचवत नसावेत. आम्ही पुण्याहून चंडीगढला विमानानं गेलो, तिथून टॅक्सी, मंडीत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी औटचा बोगदा लागायच्या आधीच उजवीकडे वळून लारजी, बंजार, गुशैनी. पोटात काही न ठेवता नेण्यापेक्षा कोरड्या चपात्या आणि आवळासुपारी बरी, हा माझ्या आईचा सल्ला उपयोगी पडला.

आईचा दुसरा सल्ला मात्र मानता आला नाही. आम्ही मूळचे मालवणकडचे. लहानपणी आजोबांबरोबर खाडीच्या काठावर तंगूस (नायलॉनचा दोर) आणि गरी (गळ) घेऊन बसायचो, कोळंबी लावायची आणि शेंगटी, पालू जे येईल ते घरी. तीर्थनमध्ये पकडलेला मासा परत सोडायचा असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “सोडूचो आसा तर धरूचो कित्याक?” याला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. तपकिरी ट्राउट इथला मूळचा नव्हेच. १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं कुल्लूच्या खोऱ्यात महिलीला अंडी उबवायचं केंद्र काढलं आणि तिथून तो बियास आणि तिच्या उपनद्यांत पसरला. पाहुणाच तो. पण एवढ्याशा थंड नदीत प्रत्येक येणारा चार-चार मासे घेऊन जाऊ लागला तर किती दिवस पुरतील, हे खाडीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडच्या खाडीत आता काय मिळतं ते आईलाही माहीत आहे.

सामानात मी थोडी कंजुषी आणि थोडी उधळपट्टी केली. रॉड एकच घेतला, चार तुकड्यांत मोडणारा, म्हणजे बॅगेत बसतो. गळ, कात्री, पक्कड सगळं विमानात चेक-इनच्या सामानात टाकायचं, हातातल्या बॅगेत काहीही राहता कामा नये. आमिष म्हणून लहान फिरक्या घेतल्या, पाण्यात ओढल्या की चकाकत फिरणारी पाती असलेल्या. या फिरक्यांना तीन तोंडांचा गळ येतो. तो मी काढून टाकला आणि एकेरी गळ बसवला. मग त्या गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केला. माशाला सोडताना हे सोपं पडतं, असं सगळे सांगतात. माझं कारण साधं होतं. मूल शेजारी असताना गळ कधीतरी कुणाच्या तरी बोटात, टोपीत, कानात जाणार. काटा दाबलेला असेल तर तो सरळ मागे निघतो. गॉगल मात्र तिघांनाही, आणि ढग आले तरी काढायचा नाही.

उधळपट्टी केली ती सईच्या लाइफ जॅकेटवर आणि बुटांवर. पाण्यात उतरायचं नव्हतंच, पण ओल्या गोट्यावरचा पाय आपलं ऐकत नाही.

निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव केला. फिरकीचा गळ पूर्ण काढला आणि बादली ठेवून तिच्यात फिरकी टाकायची. वॉचमनकाकांनी पहिल्याच फटक्यात टाकली, म्हणाले गावाकडे विहिरीवर केलंय. सईला ते काही जमेना. तंगूस सोडायचं बोट एकतर लवकर उचललं जायचं नाहीतर उचललंच जायचं नाही. पण रीळ फिरवायला तिला मनापासून आवडलं. त्यावरून आमची विभागणी ठरली: फेकायचं मी, गुंडाळायचं तिनं. एकच रॉड, एकच परवाना, एकच जोडी. आता वाटतं, तिला वेगळा छोटा रॉड घेऊन दिला असता तर मी दिवसभर गुंताच सोडवत बसलो असतो.

परवाना मत्स्यविभागाचा असतो, दिवसाच्या हिशेबानं, नावावर. फी किरकोळ. आमच्या होमस्टेच्या भाईसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ओळखपत्राची झेरॉक्स आणि तारखा पाठवल्या होत्या, तरी कागद हातात पडायला सकाळ गेली. ज्यांच्याकडे तो होता ते एका लग्नाला गेले होते. मुलं बरोबर असतील तर परवान्याची सकाळ ही रिकामी सकाळ धरूनच चालावं. आम्ही त्या वेळात हामणीचं सरकारी ट्राउट फार्म पाहिलं. नदीचं वाहतं पाणी सिमेंटच्या लांबट हौदांतून खेळवलंय आणि त्यात शेकडो मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे. हौदातले इंद्रधनुषी ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा असलेले. नदीतले तपकिरी, लाल ठिपक्यांचे. सईनं तिथंच एक गोष्ट हेरली: सगळे एकाच दिशेला का बघतायत?

नदीवर मला पुढं जे काही समजावायचं होतं त्याची किल्लीच तिनं हातात दिली. ट्राउट वाहत्या पाण्याकडे तोंड करून थांबतो. खाणं वरून वाहत येतं, म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथं जोरात आणि संथ पाण्याची शिवण असते तिथं उभा राहतो आणि समोरून आलेलं टिपतो. “म्हणजे हॉटेलात बसलाय आणि वेटर येतोय,” सई म्हणाली. अगदी. आणि आपण जायचं ते मागच्या दारानं, खालच्या अंगानं, वाकून.

लहान मुलाला नदीवर गप्प कसं बसवायचं, याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. खरं म्हणजे गप्प बसवायची गरजच नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो, खाली फार थोडा पोचतो. माशाला कळतात ती पावलं. काठावर उडी मारली, गोटा गडगडला, की ते हादरे जमिनीतून पाण्यात जातात आणि माशाच्या कुशीवरच्या, हालचाल टिपणाऱ्या रेषेला जाणवतात. दुसरी भीती सावलीची आणि हलत्या आकृतीची. त्यामुळे आमचा नियम झाला: हवं तेवढं बोल, पाय आपटू नकोस. सईनं पुरेपूर फायदा घेतला. शाळेतल्या कुणी कुणाचा डबा खाल्ला इथपासून सगळं त्या नदीला ऐकवून झालं.

दगड टाकण्याचं काय? नदी दिसली की मूल दगड टाकणारच, त्याला ब्रह्मदेव थांबवू शकत नाही. आमच्याबरोबर आलेल्या गावातल्या मुलानं तोडगा काढला. आपण नेहमी खालून वर सरकत जातो, म्हणजे गरवून झालेला डोह मागे राहतो. तो डोह सईचा. एका जागी वीसेक मिनिटं गरवायचं, मग मागे जाऊन पोटभर दगड टाकायचे, बिस्कीट खायचं, मग पुढच्या जागी. ती वीस मिनिटं हीच तिची मर्यादा होती आणि ती मोडायच्या भानगडीत मी पडलो नाही. बायको तोवर उन्हातल्या कातळावर बसून पुस्तक वाचायची. तिच्या मते सहलीतला सगळ्यात यशस्वी माणूस तीच.

आणखी एक पथ्य त्या मुलानं सांगितलं. ऑक्टोबर संपत आला की माद्या उथळ पाण्यातल्या बारीक खडीवर जागा शोधू लागतात, तिथं पाय ठेवायचा नाही. नदी बंद व्हायला थोडेच दिवस असताना आलो होतो, तेव्हा हे पाळणं भागच होतं.

मासा लागला तो दुपारी, ऊन पाण्यावर आल्यावर. सकाळी पाणी इतकं गार की सईची बोटं रिळावरच बधिर व्हायची, त्यामुळे पहाटे उठून नदीवर जायचा हट्ट आम्ही लवकरच सोडला. एका पांढऱ्या दगडाच्या बाजूनं मी फिरकी टाकली, तिनं गुंडाळायला सुरुवात केली आणि रॉड वाकला. ती रीळ सोडून ओरडली, “बाबा, हा ओढतोय!” मी रॉड धरला, तिनं पुन्हा हँडल धरलं, आणि दोघांच्या गोंधळात तो कसाबसा काठापर्यंत आला. वीतभर असेल. पिवळसर पोट, पाठीवर काळे ठिपके, कुशीला लाल, त्यांच्याभोवती फिकट कडं. हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. सईनं हात बुडवले, कुडकुडली, आणि पोटाखालून त्याला पाण्यातच धरलं. मी पक्कडीनं गळ मागे ओढला. सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवलं. गेला तो इतक्या झटक्यात, की फोटोत फक्त शिंतोडे आलेत.

“आजीला सांगायचं का?” हा तिचा पहिला प्रश्न. सांगितलं. आजीनं विचारलं, केवढा होता. सईनं हात फाकून दाखवले, फोनवर.

खाण्यासाठीचा ट्राउट आम्ही फार्मवरचा घेतला. होमस्टेच्या स्वयंपाकघरात बायकोनं बरोबर नेलेला मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ लावून तळला. काटे कमी, मुलांना द्यायला उत्तम. चवीचं विचाराल तर बांगड्यापुढे फिका. भाईसाहेबांना मात्र आगळ एवढं आवडलं की बाटली तिथंच ठेवून आलो.

वर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गरवायला बंदीच आहे, आणि तिथवरची चालही सईच्या पायांना झेपणारी नव्हती. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतलं, त्याची पाटी रस्त्यावर दिसली. आम्ही तिथूनच माघारी वळलो.

शेवटच्या दिवशी सईला गरवायचंच नव्हतं. तिनं जाहीर केलं की ती धरण बांधणार. काठच्या ओघळात गोटे रचून तिनं ते बांधलंही, आणि गावातली दोन पोरं मदतीला आली. मी एकट्यानं पुढे दोन-तीन डोह पाहिले, काही लागलं नाही. परवाना संध्याकाळपर्यंतचा होता, पण चारलाच रॉडचे तुकडे पिशवीत घातले आणि सगळे सिड्डू खायला गेलो. वाफाळता, आत अक्रोडाचं सारण. सईनं त्यावर दोनदा तूप मागून घेतलं.